नाडीत ओवलेली वही

आईंना अर्धांगवायूचा झटका आला, आणि जाताना त्यानं दोनच गोष्टी मागं ठेवल्या. डाव्या हाताची हालचाल आणि 'नाही' हा एक शब्द. चहा हवाय का विचारलं तरी 'नाही', आणि चहा परत नेला की रडवेलं होऊन पुन्हा 'नाही, नाही'. सासूबाई चौदा वर्षं माझ्याशी याच एका शब्दात बोलतात, असं मी पूर्वी मैत्रिणींना गमतीनं सांगायचे. आता खरोखरच तसं झाल्यावर त्यात काही गंमत उरली नाही.

रेल्वे हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, "भाभीजी, तस्वीरों की एक कॉपी बना लीजिए. माताजी उँगली रख देंगी, आप समझ जाएँगी." माझे यजमान रमाकांत रेल्वेत इंजिनिअर. ते म्हणाले, "दिल्लीला छापील मिळत असेल. पुढच्या खेपेला आणतो." आणि नव्या डब्यांच्या चाचण्यांसाठी तीन आठवडे निघून गेले. लखनौतल्या मानकनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही तिघी उरलो. आई, मी आणि आठवीतली श्रुती. जानेवारीतलं धुकं, त्यात शीतलहरीमुळे शाळा बंद, त्यामुळे श्रुतीही रजईत बसून कंटाळलेली.

छापील वहीची वाट बघण्याइतका धीर माझ्यात नव्हता. सकाळी सहापासून 'पाणी हवंय? पांघरूण? कूस बदलू? खिडकी लावू?' असं विचारत राहायचं आणि दर वेळी 'नाही' ऐकायचं. दुपारपर्यंत माझाच घसा बसायचा. सहाला मी स्वतःसाठी चहा करायची आणि कप आईंच्या खोलीतल्या खिडकीत ठेवायची, म्हणजे त्यांचं करता करता दोन घोट घेता येतील. ते दोन घोट कधीच झाले नाहीत. चादर बदलायची असायची, औषध द्यायचं असायचं, नाहीतर दूधवाला यायचा. लखनौच्या थंडीत चहा पाच मिनिटांत गार होतो, वर सुरकुतलेली साय धरते. कामाला येणारी गीता दहा वाजता तो कप उचलायची आणि काही न बोलता मोरीत ओतायची.

म्हणून एका दुपारी मी घरातलं सगळं बाहेर काढलं. मराठी बाईच्या घरात काही फुकट जात नाही, आणि माझ्या घरात तर काहीच जात नाही. पलंगाखालच्या ट्रंकेत लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांच्या जाड पुठ्ठ्यांची पानं झाली. कुकरबरोबर आलेल्या पुस्तिकेत वरण-भाताचं चित्र सापडलं. चहाच्या पुड्यावरचा कप, बिस्किटाच्या पुड्यावरची बिस्किटं, औषधाच्या दुकानाच्या कॅलेंडरवरचा गणपती कापून घेतला. पांघरुणासाठी आईंच्याच जुन्या गोधडीचा चौकोनी तुकडा चिकटवला, हाताला ओळखीचा लागेल म्हणून. फेविकॉल वाळून दगड झाला होता, तेव्हा मैद्याची खळ शिजवली. साड्यांच्या पिशव्यांचं प्लॅस्टिक कापून पानांवर चढवलं, कारण सांडलवंड होणार हे ठरलेलंच. पंचिंग मशीन यांच्या टेबलावर होतंच. भोकं पाडली आणि परकराची नवी नाडी ओवून गाठ मारली.

"मम्मी, ये तो मेरी स्क्रैपबुक से भी अच्छी बनी," श्रुती म्हणाली.

"मग तू मराठीत एकदा छान म्हण."

"छान," ती म्हणाली आणि पुन्हा रजईत शिरली.

शेवटी माणसांची पानं केली. फोटो अल्बममधून सोडवले. हे, श्रुती, सांगलीची माझी नणंद सुनेत्रा, कै. मामंजी. गीताचा फोटो नव्हता, तर तिनं दुसऱ्या दिवशी हौसेनं घरून आणून दिला. डॉक्टरांसाठी श्रुतीनं गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला एक माणूस काढला, तो डॉक्टरांपेक्षा बराच देखणा झाला.

वही चालली. पहिल्याच दिवशी आईंनी पाण्यावर बोट ठेवलं, मी पाणी दिलं, त्या प्यायल्या. इतकं साधं झालं की मला रडू आलं. गोधडीच्या तुकड्यावर बोट, की मी पांघरूण घालायची. गणपतीवर बोट, की श्रुती आरतीची कॅसेट लावायची.

पण तिसऱ्या दिवसापासून नवंच सुरू झालं. सकाळी चहा-औषध होऊन मी कामाला लागले की आई वही ओढायच्या आणि माणसांची पानं उलटायच्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. मग डोळे भरायचे, 'नाही, नाही' व्हायचं आणि वही खाली आपटायची. मी विचारायची, "यांची आठवण येतेय? मामंजींची?" नाही. "श्रुतीला बोलावू?" नाही. 'नाही'ला काही अर्थच नव्हता, म्हणून मी चेहरा बघायची. चेहऱ्यावर सरळ सरळ राग होता.

चार दिवस हे चाललं आणि मला उत्तर सापडलं असं वाटलं. सुनेत्राचं पान. पोटची मुलगी. सुनेनं कितीही पुसलं-धुतलं तरी आजारी माणसाला लेकच हवी असणार. हे मनात आलं आणि मला इतकं लागलं, की मी स्वयंपाकघरात जाऊन पोळीचा तवा जोरात आपटला. खोटं कशाला बोलू, लागलं तसं थोडं सुटल्यासारखंही वाटलं. मी दमले होते. बाजारातल्या बूथवर जाऊन सांगलीला एसटीडी लावला. "आई तुझी आठवण काढतात. तूच घेऊन जा त्यांना," असं एका दमात बोलून टाकलं. सुनेत्रा रडली. म्हणाली, येत्या रविवारी निघते, हलवता येण्याजोग्या झाल्या की नेते. घरी येऊन मी आईंना सांगितलं, "सुनेत्रा येतेय. तुम्हाला सांगलीला न्यायला." आईंनी माझ्याकडे बघितलं आणि वही अशी भिरकावली, की नाडी सुटून पानं पलंगाखाली गेली.

"काय हवंय तरी काय तुम्हाला?" मी ओरडले. चौदा वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला, आणि तोही त्या काही बोलू शकत नसताना.

पानं श्रुतीनं गोळा केली. जमिनीवर बसून ती पुन्हा ओवत होती. ओवता ओवता थांबली.

"मम्मी, इसमें सब हैं. पापा, बुआ, दादाजी, गीता दीदी. डॉक्टर भी है. तुम तो हो ही नहीं."

"मला कशाला? मी इथंच तर असते."

"तो दादी तुम्हारे बारे में कैसे बोलेगी?"

गीताचा फोटो मी मागून घेतला होता. डॉक्टरांचं चित्र काढून घेतलं होतं. आणि सबंध वही करताना एकदाही मला वाटलं नव्हतं, की यात आपण नाही.

मग माझा फोटो शोधायला बसलो. अल्बममध्ये मी सापडेना. कॅमेरा कायम माझ्या हातात. नैनितालच्या सहलीत सगळे आहेत, मी नाही. श्रुतीच्या वाढदिवसाला केक कापताना माझा फक्त सुरी धरलेला हात आहे. शेवटी मेडिकल कार्डासाठी काढलेल्या फोटोंतला एक उरलेला मिळाला, पासपोर्ट आकाराचा. त्यात मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. तोच एका पत्रिकेच्या पाठीवर चिकटवला, वर प्लॅस्टिक चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं सगळं झालं. आईंचा चहा झाला, औषध झालं, चादर बदलली. मी बादली उचलून निघाले तेवढ्यात मागून पान उलटल्याचा आवाज आला. आईंनी नवं पान बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या फोटोवर बोट ठेवलं, आणि मागची पानं उलटून चहाच्या कपावर.

म्हणजे मी चहा आणायचा. आत्ताच तर प्यायल्या! पण वही खोटं बोलत नाही म्हणून बादली ठेवली, आलं घालून पुन्हा चहा केला, बशीत ओतून ओठांशी नेला. आईंनी तोंड घट्ट मिटलं. "नाही."

"अहो, तुम्हीच मागितलात ना?"

डाव्या हातानं त्यांनी बशी माझ्याकडे ढकलली. निम्मा चहा रजईवर सांडला. मी फडक्यानं तो टिपायला लागले. आईंनी पुन्हा वही ओढली. माझा फोटो. चहा. माझा फोटो. मग हात उचलून त्यांनी खिडकीकडे दाखवलं.

खिडकीत माझा सहाचा कप होता. भरलेला, वर साय धरलेली.

पलंगावरून त्या खिडकीशिवाय दुसरं काही दिसत नाही. इतके दिवस रोज सकाळी तो कप गार होताना त्या बघत होत्या, आणि गीता तो उचलून नेतानाही. सांगायला शब्द नव्हता, आणि मी केलेल्या वहीत मी नव्हते.

मी तो कप मोरीत रिकामा केला आणि पातेल्यातला उरलेला गरम चहा त्यात ओतून आणला. मग पलंगाच्या कडेला बसून प्यायला लागले. आईंची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती, श्रुतीला लहानपणी दूध संपवायला बसवून मी बघायची तशी. मी म्हटलं, "सुनेत्राला सांगते. भेटायला ये म्हणते. न्यायला नको." आईंनी डोळे मिटून उघडले.

निम्मा कप झाला आणि दाराची बेल वाजली. गीता असणार, नाहीतर दूधवाला. सवयीनं मी कप खिडकीत ठेवून उठायला लागले.

आईंचं बोट माझ्या फोटोवर आपटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. त्या एवढ्या दिवसांत तो शब्द पहिल्यांदा जागेवर पडला.

बेल पुन्हा वाजली. मी खाली बसले आणि कप संपवला.