किसनरावांच्या बोटांची जागा

माह्यं तोंड लय फटकळ, हे अकोल्याच्या अख्ख्या जुन्या शहराले मालूम आहे. गिटार बनवून घ्याले कोणी प्लायवूड घेऊन आलं, तर मी त्याले पायरीवरूनच वाटेले लावतो. पण पंचफुलामावशीसमोर माह्या तोंडाले कुलूप बसलं, अन् जवा उघडलं तवा आतून खोटंच निघालं.

मावशी मूर्तिजापूरची. तिचे मालक किसनराव रेल्वेत होते, अन् वस्तीत भीमगीतं गायचे. मागच्या साली ते वारले. आता पोरगी पायल बापाची गाणी गिटारवर बसवून राहिली होती. म्हणून मावशीनं त्यायचं शिसवी टेबल खोललं, फळी गाडीत टाकली अन् माह्या दुकानात आणून उभी केली.

"याचीच बनव," म्हणे.

मी बोटाच्या पेरानं फळी ठोकली. बाप्पा! काय खणखणीत बोलली! जुनं शिसव, पुरं वाळलेलं, रेषा सरळ. पाठ अन् बाजू याच्या करायच्या, वरची फळी देवदाराची घ्यायची, हे मी उभ्या उभ्याच ठरवलं.

"थांब, देवानंद." मावशीनं माहा हात धरून फळीच्या एका जागेवर ठेवला. तिथी उथळ खड्डा होता. "सकाळी चहा घेता घेता ते इथीच बोटं मारत, ठेका धरत. लाकूड झिजलं, पण माणूस काही थांबला नाही. एवढी जागा राहू देजो, बापू. बाकी काही बी कर."

"हाव, मावशी," म्हटलं.

आता गिटारची पाठ लागते पातळ. रंधा मारायचा, ठोकून ऐकायचं, परत रंधा मारायचा. आवाज आधी दबलेला असतो, मंग हळूहळू उघडत जातो. कान खुश झाला की हात थांबत नाही, हा आमच्या धंद्यातला रोगच आहे. त्या दिवशी आवाज असा उघडला की मी एकटाच "वा रे पठ्ठ्या!" म्हणून ओरडलो. मंग पाठीवरून हात फिरवला. सपाट. खड्डा कुठीच नव्हता.

तेवढी जागा जाड ठेवता आली असती. तुकडा कापून आतून बसवता आला असता. सतरा तऱ्हा होत्या! अन् रंध्याचा छिलका म्या चिटकवायच्या सरसाच्या भांड्याखाली जाळून टाकला होता. गाढवा, तुले सांगितलं काय होतं? जेवण गोड लागेना. माही बायको माया म्हणे, "फोन करून सांगून टाका." मी तिच्यावरच खेकसलो.

तारा चढवायच्या बाकी होत्या, तवाच मायलेकी आल्या. पायलनं पाठीवर टिचकी मारली अन् हसली. मावशी मात्र पाठीवरून बोटं फिरवत राहिली, एकदा वरून, एकदा खालून.

"ते कुठी गेलं रे?"

"आतल्या बाजूले घेतलं, मावशी." मी विचार करायच्या आधीच बोलून गेलो.

मावशीनं गिटार मांडीवर घेतली. गोल भोकातून हात आत घातला अन् डोळे मिटून चाचपडू लागली.

"लागलं! पायल, लागलं वं!"

ती आत बोटं मारू लागली. ठेका. अख्खी गिटार त्या ठेक्यानं बोलून राहिली होती. पायलनं ओढणी डोळ्याले लावली. मले वाटलं, आता जमीन फाटावी अन् मी तिच्यात जावं.

"तू बी हात घाल, बापू," मावशी म्हणे. "तुह्यामुळं राहिलं हे."

नाही कसं म्हणू? घातला. माह्याच रंध्यानं गुळगुळीत झालेलं लाकूड माह्या बोटाले लागलं.

"लागलं ना?"

हात आतच होता. "नाही, मावशी," मी म्हटलं. "ती जागा म्या रंध्यात घालवली. मघा खोटं बोललो तुमच्याशी."

पायल माह्याकडं पाहातच राहिली. मावशीले आधी समजलंच नाही.

"मंग मले काय लागलं रे?"

"दोन पट्ट्यायच्या मधली जागा. पट्ट्या म्या चिटकवल्या, पाठ वाकू नाही म्हणून."

तिनं मले शिवी द्याले पाहिजे होती. मी वाट पाहिली. मघा आत घातलेला हात मावशी नुसती पदराले पुसत राहिली.