शंभर ओहमची कसोटी

शाहूवाडीच्या डोंगराचा आवाज बारा दिवस बंद होता. तेथील आरोग्यसेविका संघप्रिया रोज सकाळी बिनतारी संचावरून कोल्हापुरात हौशी रेडिओ मंडळाच्या गणपतरावांना हाक मारी. आता ती हाक पोहोचत नव्हती. पुरात मोबाइल सगळ्यात आधी मान टाकतो, आणि मग आजाऱ्यांची खबर येते ती याच संचावरून. पावसाळा पंधरा दिवसांवर आला होता.

दोष शोधायला मंडळाला एकच मापनयंत्र घेणे शक्य होते. निवड मंडळाचे संच बसवणाऱ्या दिलदार सरांवर सोपवली होती.

"सर, ऑसिलोस्कोपच घेऊ की," सचिव प्रसेनजीत म्हणाला. "संच उघडायचा, लाट बघायची, दोष हजर!"

"नाडी न बघता पोट फाडायला निघालास व्हय रे?"

सरांनी बिघाडांची वही उघडली. नऊ वर्षांतील एकतीस बिघाडांपैकी तेवीस अँटेना, केबल किंवा जोडांत निघाले होते. म्हणजे अँटेना अॅनालायझरच हवा. संचाने पाठवलेली शक्ती वाटेतून किती परत फिरते, हे तो आकड्यात सांगतो. एक म्हणजे उत्तम, वाढेल तितके वाईट. हे यंत्र कोणाकडे बोट दाखवू शकते, हेही सरांना ठाऊक होते. शाहूवाडीचा प्रत्येक जोड त्यांच्याच हातचा होता. तरीही त्यांनी वही मिटली नाही. "हाच घ्यायचा," ते म्हणाले.

दुकानदाराने रंगीत यंत्र पुढे सरकवले. "पावणं, पडदा बघा की! थेटर हाय नुसतं!"

"सिनेमा बघायला आलो नाही."

सरांनी खिशातून स्वतः मोजून आणलेले दोन रोधक काढले, एक पन्नास ओहमचा आणि एक शंभरचा. तराजू घ्यायला जाताना ओळखीचे वजन सोबत न्यावे, हा त्यांचा नियम. संच आणि केबल पन्नास ओहमसाठी बनलेले, म्हणून पन्नासला एक यायला हवा, दुप्पट शंभरला दोन. रंगीत यंत्राने पन्नासला एक दाखवला आणि शंभरला एक पूर्णांक चार.

"हे गोड बोलतंय. नको."

शेजारच्या राखाडी यंत्राने एक आणि दोन दाखवले. तेच पिशवीत गेले.

रविवारी शाहूवाडीत त्यांनी खांबावरची अँटेना सोडवली आणि केबलच्या त्या टोकाला पन्नासचा रोधक, तर संचाकडच्या टोकाला यंत्र लावले. केबल धड असती, तर एक आला असता. आला नऊ. सरांनी संचाकडचा जोड बोटाने हलवला. आकडा नाचू लागला.

जोडावर हिरवी पट्टी होती. प्रसेनजीतने ती ओळखली. "सर... हा तर तुमचाच."

"व्हय, माझाच. कात्री दे."

पट्टीखाली डाख वरवरच बसला होता. आत तार सुटी होती. सरांनी आधी वहीत लिहिले: 'बत्तीस. कच्चा डाख. जोडणारा: दिलदार.' मग जोड कापून नवा डाख दिला, ओढून पाहिला, पुन्हा मोजला. एक पूर्णांक एक.

अँटेना पूर्ववत जोडून त्यांनी माइक संघप्रियाच्या हातात दिला. तिने हाक दिली.

"आलं, आलं!" गणपतराव खरखरीतून ओरडले. "बाई, हळू बोला की, कान फुटला माझा!"

सर मात्र खांबापाशी गेले आणि त्यांनी केबलचे दुसरे टोक हातात घेतले. तिथेही हिरवी पट्टी होती.

"तो जोड चांगला हाय की, सर," प्रसेनजीत म्हणाला.

"असेल. कात्री दे."