घारबाईची केबिन

"बाही खाली ओढ, वहिनी. फोटोत दिसेल ते."

घारबाईने बाही ओढली नाही. डायलिसिसच्या सुया टोचून टोचून डाव्या हातावर शिरांच्या गाठी झाल्या होत्या. "सत्कार माझा आहे ना? मग हातही माझाच दिसू दे."

"तुझ्या तोंडाला कोण लागणार!" नणंद म्हणाली आणि तिने स्वतःच ती बाही मनगटापर्यंत ओढली. भाऊ गेल्यापासून ती वहिनीजवळच राहत होती. आठवड्यातून तीनदा तिला कंपनीच्या दवाखान्यात न्यायची, मशीनशेजारी बसायची. "आणि ऐक. भाषण गोड कर. तुझे उपचार साहेबांच्या मर्जीवर चाललेत, विसरू नकोस."

पोलाद कारखान्याचा वर्धापनदिन होता. सभागृहाच्या भिंतीवर इतिहास घडवणाऱ्या स्त्रियांची चित्रं लावली होती. पहिली शल्यविशारद, पहिली वैमानिक, पहिली न्यायाधीश. रांगेच्या शेवटी घारबाई. वितळलेल्या पोलादाची बादली उचलणारी क्रेन चालवायला बसलेली देशातली पहिली बाई. उंचावरच्या केबिनमधून सगळ्यांवर नजर ठेवायची, म्हणून कामगारांनी तिला घार केलं होतं. चित्राखाली छापलं होतं : 'बावीस वर्षे. एकही तक्रार नाही.'

तक्रार तिने एकदा केली होती. ती पहिल्याच महिन्यात. ती वर चढली तेव्हा ही रडत खाली येणार, अशा कँटीनमध्ये पैजा लागल्या होत्या. वरच्या पुरुषांना लघवीला लागली की बाटलीवर भागायचं. तिचं भागणार कसं? खाली उतरायचं तर अख्खा विभाग थांबायचा. 'मधे थोडा वेळ बदली माणूस द्या,' असं तिने तेव्हाच्या साहेबांना खाली मान घालून सांगितलं. साहेब म्हणाले, "हट्टाने वर गेलात ना, बाई? मग वरचं वरच निस्तरा."

तिने निस्तरलं. आधी सकाळचा चहा सोडला, मग पाणी. भट्टीच्या धगीत ओठ फुटायचे. नवरा चेष्टेने तिला उंटीण म्हणायचा. पाठीत कळा यायच्या, ताप चढायचा, पण ती गोळी घेऊन शिडी चढायची. हे बाईचं काम नव्हे, असं म्हणायची संधी तिला कुणालाच द्यायची नव्हती. डॉक्टरांकडे गेली तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. आता डॉक्टरच पाणी मोजून देत होते. पण मनातून तिला स्वतःचा अभिमान होता. खोटं कशाला सांगायचं?

सभागृहामागच्या खोलीचं दार ढकलून एक मुलगी आत आली. अंगात कामाचे कपडे, काखेत हेल्मेट. घारबाईनंतर त्या क्रेनवर आलेली दुसरी बाई. घारीनंतर आली म्हणून कामगारांनी तिचं नाव चिमणी ठेवलं होतं.

"पाया पडायला आले. थोड्या वेळाने माझी कामाची पाळी सुरू होतेय."

"बस गं. पाणी घे," म्हणत नणंदेने पेला पुढे केला.

"नको, आत्या. ड्युटी आहे."

घारबाईने तिच्या ओठांकडे पाहिलं. "सकाळपासून काही प्यायलीस?"

मुलीने नकारार्थी मान हलवली.

"कंबर दुखते?"

"दुखते थोडी."

"मग फोरमनला सांग की."

"सांगितलं." मुलीने हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "ते विभागातल्या तुमच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, ह्या बाईने बावीस वर्षं हूं की चूं केलं नाही, तुझेच काय लाड?" तिने पट्टा सोडला. "रागावू नका, पण कधीकधी मला तुमचा फार राग येतो."

"अगं ए!" नणंद उसळली. "कुणाशी बोलतेस?"

"बोलू दे तिला," घारबाई म्हणाली. तेवढ्यात बोलावणं आलं.

मोठ्या साहेबांनी शाल घातली. 'सोसण्याचं दुसरं नाव' वगैरे बरंच बोलले. मग ती माइकसमोर उभी राहिली. घरी पाठ केलेलं भाषण ओठांवर येईना.

"चित्राखाली लिहिलंय ते खरं नाही," ती म्हणाली. "तक्रार मी केली होती. कुणी ऐकली नाही म्हणून पुन्हा केली नाही. काम चालू असताना लघवीला खाली उतरायला मिळेना म्हणून मी पाणी सोडलं. त्याने माझी मूत्रपिंडं गेली." तिने बाही कोपराच्या वर सारली. "मला वाटायचं, मी सोसलं की मागून येणाऱ्या पोरींना सोपं जाईल. पण माझंच सोसणं दाखवून तुम्ही त्यांना गप्प बसवता. तसं करू नका. माझं चुकलं. मी तेव्हाच क्रेन थांबवायला हवी होती."

साहेबांनी घाईने माइक घेतला. "बाई जरा भावनावश झाल्या," म्हणाले आणि टाळ्या सुरू केल्या. फोटो कुणी काढला नाही.

बाहेर येताच नणंदेचा बांध फुटला. "झालं समाधान? उद्या दवाखान्याने दार लावलं तर कुठे जायचं आपण?"

"उद्याचं उद्या बघू. आत्ता मला विभागात ने."

विभागात भट्टीचा तोच घरघराट होता. समारंभातलं भाषण कर्ण्यावरून इथेही पोचलं होतं. नणंदेचा दंड धरून घारबाई शिडीपाशी पोचली. वर चिमणी रिकामी बादली परत आणत होती. तिने ती अलगद जागेवर टेकवली, भोंगा दिला आणि क्रेन थांबवली.

"काय झालं गं?" फोरमन ओरडला.

"खाली येतेय!"

"आत्ता? काम चालू आहे!"

चिमणी शिडी उतरू लागली होती. फोरमन तरातरा शिडीकडे आला. तिथे घारबाई उभी होती. त्याने तिच्याकडे, मग तिच्या उघड्या हाताकडे पाहिलं.

"बादली रिकामी आहे," ती म्हणाली. "तिच्यात काय थंड व्हायचंय?"

फोरमन चुळबुळला. हळूहळू एकेकाने हातातलं काम खाली ठेवलं. चिमणी उतरली आणि कुणाकडेही न बघता जवळजवळ पळतच स्वच्छतागृहाकडे गेली.

घारबाईने मान वर केली. केबिनचं दार उघडंच राहिलं होतं. आत कुणी नव्हतं. काम चालू असताना ती केबिन अशी रिकामी असू शकते, हे ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

"दमलीस. स्टूल आणू?" नणंदेने हळूच विचारलं.

"नको," घारबाई म्हणाली. "ती वर चढेपर्यंत उभी राहते."