छिन्नी कोण धरणार

दादानं धाकट्याच्या हातावर घण घातला तेव्हा मी दहा पावलांवर भट्टीपाशी होते. वस्तीतल्या बाया मला अजून विचारतात, चुकून बसला का मुद्दाम? मी झालं तसं सांगते, तुम्हीच काय ते ठरवा. माझं तर विचार करकरून डोकं बाद झालंय.

आमचं काम दगड फोडायचं. थोरला भाऊ घण मारतो, धाकटा छिन्नी धरतो. घाव पडला की छिन्नी जराशी फिरवायची, पुन्हा घाव, पुन्हा फिरवायची. अशी ओळीनं भोकं पाडली की त्यात पाचरी ठोकायच्या, मग दगड दुभंगतो. वीस वर्षं दोघांचं हेच. बोथट छिन्न्या तापवून त्यांना धार लावायचं काम माझं. नवरा गेल्यापासून मी भावांकडे राहते, पण फुकटचं खात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

यंदा खाणीत पाणी लागलं. शेवटचा एक मोठा दगड फोडून द्यायचा आणि आठ दिवसांत दोन डोंगरांपलीकडच्या खाणीवर बिऱ्हाड न्यायचं, असं ठरलं. तिथूनच दादाच्या पोरीच्या शाळेवरून आग लागली.

पोरीला आम्ही वकिलीणबाई म्हणतो. गप्प बस म्हटलं तर 'का?' विचारते. नववीत वर्गात पहिली आली. कॉलेजात जाऊन पूल बांधायला शिकायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं. आता नव्या खाणीच्या कुंपणाला लागून एक हायस्कूल आहे, दुपारी बाराला सुटतं. तिथून कॉलेजात गेलेलं पोर अजून कुणी पाहिलेलं नाही. दुसरं शहरात, बसनं तासभर. सकाळी जायचं ते संध्याकाळी परत. तिथे प्रयोगशाळा आहे, गणिताला चांगले मास्तर आहेत. तिच्या बाईंनी स्वतः हेलपाटा घालून तिथला फॉर्म आणला होता. शनिवारपर्यंत बापाची सही हवी होती.

दादा म्हणाला, "बाराची शाळा. सुटली की खाणीवर येईल. धाकट्याचे डोळे गेलेत कामातून. छिन्नी धरायला घरचं माणूस पाहिजे."

पोरीनं 'का?' विचारलं. दादानं तिच्या कानाखाली जाळ काढला.

मंगळवारी सकाळपासून दोघा भावांची जुंपली. ऊन असं की दगडाला टेकलं तर कातडी सोलून निघावी. घण चालू आणि तोंडंही चालू.

"दादा, मी मरेपर्यंत धरतो," धाकटा म्हणाला. "पोरीला यात ओढू नकोस."

"तुला दिसतंय का नीट? काल चहा म्हणून काय प्यायलास?"

"भांडं धुतलेलं पाणी प्यायलो. मेलो का?"

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. दादाही गालात हसला. दोघं तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं.

"शहरात घाल तिला," धाकट्यानं पुन्हा काढलं. "सही करून टाक."

"पोर माझी आहे. तुला पोर असती म्हणजे कळलं असतं."

धाकट्याची बायको बाळंतपणात बाळासकट गेली. घरात तो विषय कुणी काढत नाही. धाकट्यानं मान वर केली, पण छिन्नी सोडली नाही.

"माझी असती तर आज शाळेत असती," तो म्हणाला. "तुला पोर नकोय रे दादा. तुला नुसता हात पाहिजे."

घाव लोखंडावर पडला की वाजतो. हा वाजलाच नाही.

धाकटा ओरडला ते माणसाचं ओरडणं नव्हतं. मी सांडशी टाकून धावले. हाताच्या जागी नुसता लगदा, हाडाचं टोक पांढरं वर आलेलं. दादा घण धरून उभा, म्हणतोय, "घसरला. घामानं घसरला." वीस वर्षं घाम येतच होता की! वहिनी धावत आली, तिनं हाताला येईल तो दगड उचलून नवऱ्याच्या छातीत घातला, मग दुसरा, मग तिसरा. दादानं एकही चुकवला नाही. दवाखान्यात धाकट्याची दोन बोटं काढली. उरलेली तीन वळणार नाहीत म्हणाले.

माणसाला लाज वाटली की तो गप्प बसतो असं तुम्हाला वाटत असेल. आमच्या दादाला लाज वाटली की त्याचा आवाज चढतो. बुधवारी सकाळी म्हणतो, "झालं, प्रश्नच मिटला. आता पोरीशिवाय आहे कोण? चुलीत घाला तो फॉर्म."

"मुडदा बशिवला तुझ्या तोंडाचा!" मी म्हटलं. सख्ख्या भावाला म्हटलं, हो.

पण पोरगी उठली, वेणी आवळली आणि सरळ दगडापाशी जाऊन बसली. तिच्या काकाचं रक्त तिथं काळं पडलं होतं. छिन्नी धरली आणि म्हणाली, "मारा."

मी ओरडले, वहिनी ओरडली. दादानं घण उचलला. पहिला घाव, छिन्नी फिरली. दुसरा, पुन्हा फिरली. पोरीनं पापणी हलवली नाही. एक अख्खं भोक पाडलं दोघांनी. दादाचा चेहरा उजळला की हो! "बघा, कशी धरतेय! रक्तातच आहे!"

पोर उभी राहिली. "आता तुम्ही धरा, बाबा. मी मारते."

"वेड लागलंय का?"

"का? तुम्ही कधी धरलीय?"

नव्हती धरली. जन्मात नव्हती. आमच्या बापाच्या वेळेपासून मारणारा तोच. आजूबाजूचे चार गडी हात थांबवून बघायला लागले, म्हणून दादाला बसावंच लागलं. त्यानं छिन्नी धरली. पोरीनं घण खांद्यावरून वर नेला. पोर अंगानं काडी, घण वरती थरथरत होता, आणि खाली आला तसा दादानं हात काढला. छिन्नी आडवी पडली, घण दगडावर आपटला, कपच्या उडाल्या.

"पुन्हा धरा," पोर म्हणाली.

पुन्हा धरली, पुन्हा हात काढला. तिसऱ्यांदा घण वर गेला तेव्हाच काढला. पाठीमागे कुणीतरी फिसकन हसलं.

"काकानं वीस वर्षं काढला नाही," पोर म्हणाली. "काल तुमचं डोकं फिरलंय हे दिसत होतं त्याला. तरी काढला नाही."

दादा उठला आणि त्यानं तिला अशी मारली की ती दगडावर जाऊन पडली. नाकातोंडातून रक्त. मी भट्टीतली लाल छिन्नी सांडशीत धरून मधे उभी राहिले. म्हटलं, "एक पाऊल पुढे टाक. आईशप्पथ, गालावर डाग देईन." त्यानं टाकलं नाही. माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हते. मग स्वतःचे दोन्ही हात पुढे करून उलटसुलट बघायला लागला.

शनिवारी फॉर्म सही करून पोरीच्या पिशवीत ठेवलेला निघाला. ना माफी, ना काही. पोरीनंही आभार मानले नाहीत. सुजलेल्या तोंडानं जाऊन फॉर्म देऊन आली. वहिनी त्याला वाढते, पण अजून बोलत नाही, आणि मी म्हणते बरोबर करते.

नव्या खाणीवर पहिल्या दिवशी मुकादम वही घेऊन आला. दादाचे खांदे बघून खूश झाला. म्हणाला, "मारणारा तर तगडा दिसतोय. धरणारा कोण?" आणि धाकट्याच्या फडक्यात बांधलेल्या हाताकडे बघून त्यानं तोंड वाकडं केलं. पोरगी पहाटेच्याच बसनं शाळेला गेली होती.

दादानं घण मुकादमाच्या पायाशी टाकला.

"धरणारा मी," तो म्हणाला. "मारायला कुणीही द्या."