कॅरिननं केलेलं भाषांतर

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसानं पोटच्या मुलीवर पाळत ठेवावी, हे मला मुळीच पटत नव्हतं. पण आमचे शेजारी आर्नेकाका ऐकतील तर शपथ! तरुणपणी स्वीडनहून इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला आले, तळघरात छपाईयंत्र बसवलं आणि आयुष्यभर स्वीडिश पुस्तकं लिहिली, छापली. आता ती वाचणारेच उरले नव्हते. काकांच्या मुलीलाही, कॅरिनला, लहानपणी ती भाषा नको होती. आई गेल्यावर मात्र ती विद्यापीठात जाऊन स्वीडिश शिकली आणि तिनं काकांचं जुनं आत्मचरित्र इंग्रजीत आणलं. झालं, काकांच्या डोक्यात संशय शिरला.

"तिनं लीनाचं प्रकरण गाळलंय," ते म्हणाले. लीना म्हणजे त्यांनी तिकडे टाकून दिलेली पहिली बायको. "आईची अब्रू राखायला! तसं असेल तर हे पुस्तक मी छापणार नाही."

त्यांची तपासायची रीत जुनी होती. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ मजकुरावर बोट फिरवत ताडून पाहायचं. इंग्रजी वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "विनीता, तुला स्वीडिश येत नाही. तू तिला पाठीशी घालू शकणार नाहीस."

"चारच पानं पाहू या ना. शितावरून भाताची परीक्षा."

"पान न् पान पाहायचं."

खरं सांगायचं तर संशय मलाही चावला. माझी मुलगी अनन्या साधा आजीचा निरोपसुद्धा अर्धा गाळून सांगते.

लीनाचं प्रकरण आलं. अख्खं होतं, काकांच्या भेकडपणासकट. मुलगी प्रामाणिक निघाली तर या माणसाचा चेहरा पडला! मला त्यांचा भयंकर राग आला. तरी ते म्हणाले, "पुढे वाच. कुठेतरी गाळलं असेलच."

शेवटच्या प्रकरणात मी वाचलं, "माझ्या मुलीला माझी भाषा कचरा वाटते. हे पान ती कधीच वाचणार नाही, म्हणून लिहितो. तिच्यावर माया केली, ती फुकट गेली."

काकांचं बोट थांबलं. ते परत मागे गेलं, पुन्हा त्याच ओळींवरून फिरलं. एक शब्द कमी नव्हता.

"हे मी लिहिलंय?" त्यांनी तांबडी पेन्सिल उचलली.

कॅरिन कॉफी घेऊन तळघरात उतरत होती. तिनं पेन्सिल पाहिली, माझ्या हातातलं पान पाहिलं.

"राहू दे, पप्पा. लेखकाचा शब्द गाळायचा नाही, हे तूच शिकवलंस."

"कॅरिन, ही एवढी ओळ तू गाळ. मी सांगतो म्हणून."

"नाही गाळणार," ती म्हणाली, आणि त्यांच्या कपात कॉफी ओतू लागली.