निब खराब आहे

रविवारी सकाळी नानायने, इलुमिनादाच्या आईने, सूप वाटीऐवजी मगात आणून ठेवलं आणि इलुमिनादाने पुढे केलेला हात मागे घेतला.

मग साधा नव्हता. पांढरा, जाडजूड, दोन्ही बाजूंना कान असलेला. तिच्या वडिलांचा, तातायचा. ताताय गेल्यापासून तो फडताळात सगळ्यात मागे पडून होता आणि मायलेकी दोघी त्याचा विषय काढत नसत.

"हा कशाला काढलास?"

"वाटी फुटली," नानाय म्हणाली.

"कुठली?"

"फुटली म्हटलं ना! खा मुकाट्याने, नूडल्स फुगतील."

वाट्या झाडून सगळ्या मोरीजवळच्या जाळीत पालथ्या घातलेल्या दिसत होत्या. नानाय ऐंशीला टेकली होती, गुडघ्यांनी तिला दगा दिला होता, पण डोळ्यांनी नाही. लेक हल्ली कॉफीचा कप अर्धाच भरून घेते, काट्याने खाता येईल तेच पदार्थ ताटात वाढून घेते, हे त्या डोळ्यांनी कधीच टिपलं असणार. इलुमिनादाने मगाला बोटसुद्धा लावलं नाही. भूक नाही म्हणाली, पेनांचा बटवा उचलला आणि बाहेर पडली.

"भूक नाही म्हणे," मागून नानायचा आवाज आला. "तोही अस्संच म्हणायचा."

ताताय चर्चच्या कचेरीत लेखनिक होता. बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले लिहायचा, दौतीत बुडवायच्या पेनाने. अक्षर असं की लोक दाखला चौकट करून भिंतीवर लावत. मग केव्हातरी त्याला निबा पसंत पडेनाशा झाल्या. "नादा, पळ गं, दुसरी निब आण. ही खराब आहे." शाळकरी इलुमिनादा, घरची नादा, पळत जायची. आठवड्याला एक, मग दोन दिवसांना एक. दुकानदार डोळे मिचकावून म्हणायचा, "काय गं, तुझा बाप निबा तळून खातो काय?" तीही हसायची. घरात कोणालाच कळलं नाही असं नाही. कळलं सगळ्यांना, पण निबेवर ढकलणं सोयीचं होतं. शेवटी पाद्रीबाबांनी गोडीगुलाबीने दाखल्यांचं काम टाइपरायटरवर सोपवलं आणि ताताय घरी बसला.

हात कापण्याच्या त्या आजाराने माणूस मरत नाही, हाच त्याचा दुष्टपणा. ताताय चांगला पंधरा-सोळा वर्षं जगला. सूप दोन कानांच्या मगातून प्यायचा. चर्चमध्ये जोडलेले हात सगळ्यांसमोर हलतात म्हणून मिसेला, रविवारच्या प्रार्थनेला, जायचा बंद झाला. मागच्या खिडकीशी हात मांड्यांखाली दाबून बसायचा. फार उशिरा त्याला इस्पितळात नेलं, तेव्हा डॉक्टरने त्याच्या हातात बॉलपेन देऊन सांगितलं, डासांची कॉइल असते ना, तशी काढा, आतून बाहेर. तातायने काढली. कागदावर करवतीचे दात उमटले. नादा शेजारीच उभी होती. ती कॉइल ती आजतागायत विसरली नव्हती.

आणि आता तिचं स्वतःचं पोट अक्षरावरच चालत होतं. इलोइलो शहरातल्या दोन कॉलेजांच्या पदव्यांवर नावं तीच लिहायची, लग्नसराईत पाकिटंही. गेल्या मार्चमधल्या पदवीदानाच्या वेळी एका मुलीच्या नावातल्या पहिल्याच अक्षराची वर जाणारी रेघ थरथरली. केसाइतकी बारीक रेघ, पण थरथरली. तिने कागद फाडला, दुसरा घेतला. वाटलं, निब खराब आहे.

लवचीक निबेची गंमत अशी, की खाली येताना दाब द्यायचा, निबेची दोन टोकं फाकतात, रेघ जाड पडते; वर जाताना हात हलका सोडायचा, रेघ केसासारखी येते. दाबात हात स्थिर राहतो, हलकेपणात उघडा पडतो. बॉलपेन माणसाच्या चार गोष्टी पोटात घालतं. लवचीक निब सगळं गावभर करते. इलुमिनादाने मग पेनांचा सपाटा लावला. भारतातून येणारी काळी, उग्र वासाची एबोनाइट रबराची पेनं. पोलादी निबेची स्वस्त चिनी पेनं. कोणा वारलेल्या वकिलाच्या टेबलातलं जुनं जपानी पेन. महागाच्या वाटेला ती जातच नव्हती, दोनदा नूडल्सचं बाचोय खाल्लं तर जेवढे पैसे जातील तेवढ्यात मिळणारी पेनं. प्रत्येक नव्या पेनाची टोपी काढताना तिचा जीव टांगणीला लागायचा, आणि पहिल्याच हलक्या रेघेला तो खाली आदळायचा. ही खराब. हीसुद्धा खराब.

शहरातल्या हारो भागात, चौकाजवळच्या कॅफेत महिन्यातून एकदा, मिसेनंतर, पेनवेड्यांची बैठक भरे. तिथली रीत ठरलेली होती. नवं पेन आलं की एक मोठा कागद मध्ये ठेवायचा, पेन टेबलाभोवती फिरवायचं, आणि प्रत्येकाने त्या एकाच कागदावर एक कॉइल काढायची. आतून बाहेर, वर हलकी, खाली जाड. शाई पुरते का, टोक अडखळतं का, सगळं त्यात कळतं. कॉइलखाली आपलं मत दोन शब्दांत आणि सही.

ही रीत कोणी काढली देव जाणे. इलुमिनादाला दर महिन्याला तो कागद बघितला की इस्पितळातल्या फिनेलचा वास यायचा.

पण तिने त्यातूनही वाट काढली होती. सगळ्यांत वडील आणि सगळ्यांत जाणकार म्हणून पेन पहिलं तिच्याकडे यायचं. ती जेमतेम दोन वळसे काढायची, तेही दाबून, मग जिभेने च्यक करून पेन खाली ठेवायची. "रेघ फाटते. निब खराब आहे." संपलं! तिचा शब्द शेवटचा. कोणी ते पेन पुन्हा हातात धरत नसे. तिच्या नापसंतीचा असा काही दरारा बसला होता की मनिलाचे विक्रेतेसुद्धा म्हणे विचारायचे, त्या इलोइलोच्या बाई येणार आहेत का? लोकांना वाटे, काय ही नजर! आणि ती आतल्या आत भीतीने अर्धी होऊन घरी जायची.

त्या दरार्‍याचा सगळ्यात जास्त मार खाल्ला सांतोने. सांतो घड्याळं दुरुस्त करायचा आणि फावल्या वेळात स्वस्त पेनांच्या साध्या निबा दोन्ही बाजूंनी घासून, कापून लवचीक करायचा. बोलायला तोंडाळ, मनाने लोणी. इलुमिनादाने नापास केलेली निब तो तिथल्या तिथे पकडीने वाकवून टाकायचा, म्हणजे नंतर विकायचा मोह नको. आजवर त्याच्या किती निबा तिने अशा मारल्या, ते तिला आठवायचं नव्हतं.

आज ती पोहोचली तेव्हा सांतो उभाच होता. एका हातात पेन, दुसर्‍या हातात पकड.

"या मानांग! यमराज आले, बसायला द्या रे," तो ओरडला. बैठकीत सगळे तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणत. टेबलावर हशा पिकला. "आज मात्र एक अट आहे. तुम्ही शेवटी."

"शेवटी का?" तिने विचारलं.

"तुम्ही एकदा च्यक केलंत की बाकीचे पेनाला हात लावत नाहीत. विटाळ झाल्यासारखं करतात मेले. आज आधी सगळे काढतील, मग तुम्ही. ही निब मी चार महिने घासतोय, मानांग. बायको म्हणते निबेशीच लग्न करायचं होतं. ही जर तुम्हाला आवडली नाही ना, तर मी परत आपला घड्याळांचे काटे फिरवत बसेन. आईशप्पथ, सोडून देईन हा नाद."

"अरे, पण माझं डोकं दुखतंय आज..."

"कॉफी घ्या. बरं वाटेल." त्याने तिचा कप काठोकाठ भरला. बैठकीत ती कॉफीला कधी शिवत नसे. पित्त होतं म्हणायची. कप तिच्यासमोर वाफाळत राहिला.

पेन फिरू लागलं. साधं, हिरवट प्लास्टिकचं, शाळेतल्या पोराच्या दप्तरात शोभेल असं. बँकेतल्या रामिलने कॉइल काढली. जाड, बारीक, जाड, बारीक, पाण्यासारखी. "हाय रे!" तो एवढंच म्हणाला आणि खाली लिहिलं, झकास. मग डॉक्टर फेली. ती लहान मुलांची डॉक्टर, हळू बोलणारी, कुठल्याही पेनाला नावं न ठेवणारी. तिचीही कॉइल स्वच्छ. मग आणखी एक, मग आणखी एक. कागद कॉइलींनी भरत चालला. कुठे रेघ फाटली नाही, कुठे अडखळली नाही. इलुमिनादा मांड्यांखाली हात दाबून बघत होती. आपण हात कुठे ठेवलेत हे लक्षात आल्यावर तिने ते झटकन बाहेर काढले.

पळून जावं, असं तिला फार वाटलं. नानाय पडली असा निरोप आला म्हणावं. पेन हातातून खाली पाडावं, टोकावरच, म्हणजे प्रश्नच मिटला. तिने मनातल्या मनात देवाच्या आईची करुणा भाकली, आणि तेवढ्यात पेन तिच्यासमोर आलं.

"घ्या मानांग," सांतो म्हणाला. त्याची थट्टा बंद झाली होती. कपाळावर घाम होता.

तिने पेन धरलं. मधोमध टोक ठेवलं. पहिला वळसा दाबून काढला, तो ठीक गेला. दुसराही. इथे थांबायची तिची सवय होती. जीभ टाळूला लागलीसुद्धा. पण भोवताली सगळ्यांच्या पूर्ण कॉइली होत्या आणि सगळे टक लावून बसले होते. ती पुढे गेली. तिसर्‍या वळशाला हात वर जाताना हलका सोडावाच लागला, आणि निब बोलली. बारीक बारीक दाते. चौथ्या वळशाला ते मोठे झाले. ती थांबू शकली नाही, कारण थांबलं तर उचललेला हात सगळ्यांना हवेत दिसला असता. शेवटच्या वळशापर्यंत तिने ती काढली. त्या सगळ्या देखण्या कॉइलींच्या रांगेत तातायची कॉइल येऊन बसली होती.

रामिलने घसा खाकरला.

सांतो कागदावर वाकला. त्याचा चेहरा पडत गेला, अगदी लहान मुलाचा पडतो तसा. त्याच्या डोक्यात दुसरी शक्यता आलीच नाही. मानांगच्या हाताबद्दल शंका घ्यायची म्हणजे इलोइलोत कोण ती हिंमत करणार!

"टोक अडकतंय," तो पुटपुटला. "वर जाताना अडकतंय. आम्ही सगळे वरवर काढतो, आम्हाला कळलं नाही. तुमच्या हाताला कळलं." त्याने पेन तिच्या बोटांतून अलगद काढून घेतलं, निब पकडीच्या जबड्यात धरली. "बोला मानांग. निब खराब ना?"

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची होती. च्यकसुद्धा करायला नको होतं. मार्चपर्यंत तरी निभलं असतं, कदाचित पुढचा मार्चही. आणि तिला एकदम ती दुकानाची पायरी आठवली, हातातली कागदाची पुडी, घरी पळत जाताना छातीत होणारी धडधड. नवी निब बघून तातायचा चेहरा क्षणभर उजळायचा. मग ती वळून अभ्यासाला बसायची आणि पाठीमागून कागद फाडल्याचा आवाज यायचा. तिने त्याला किती प्रेमाने निबा आणून दिल्या होत्या. एकदा तरी कोणीतरी त्याला खरं सांगायला हवं होतं.

"थांब," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पकड खाली ठेव आधी. पेन दे इकडे."

तिने पेन घेतलं आणि आपल्या कॉइलखाली लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली, वर जाणारी प्रत्येक रेघ थरथरत आली, पण वाचता येत होती. निब चांगली आहे. खाली सही.

सांतोने वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याने अशी आरोळी ठोकली की काउंटरवरची मुलगी दचकली. "चांगली! मानांग म्हणाल्या चांगली! अरे फोटो काढा रे, बायकोला दाखवतो!" टाळ्या पडल्या. रामिलने त्याच्या पाठीत धपाटा घातला. कोणी म्हणालं, आज पाऊस पडणार. कोणी म्हणालं, मानांग, तब्येत बरी आहे ना तुमची? आणि पुन्हा हशा झाला. सांतोचे डोळे भरून आले होते आणि तो ते नाकाला रुमाल लावून लपवत होता.

डॉक्टर फेली तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती कागदाकडे बघत होती. मग तिने इलुमिनादाकडे बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"कधीपासून, मानांग?"

"गेल्या मार्चपासून." मग तिला वाटलं, आता कशाला. "त्याच्याही आधीपासून. माझ्या वडिलांना होतं."

"कोणाला दाखवलंत?"

"दाखवलं ना. सगळ्या पेनवाल्यांना."

डॉक्टर हसली नाही. तिने टेबलाखाली इलुमिनादाचा हात धरला. "उद्या सकाळी मी घ्यायला येते. माझ्या ओळखीचे एक आहेत. मोठ्या माणसांचे डॉक्टर."

"ते कॉइल काढायला लावतील," इलुमिनादा म्हणाली. "फेली, मला फार भीती वाटते गं."

"हो," डॉक्टर म्हणाली. "मी बसेन शेजारी."

पलीकडे सांतो सगळ्यांना ती निब कशी घासली ते हातवारे करून सांगत होता आणि मध्येच इकडे वळून ओरडला, "मानांग, कॉफी गार होतेय! आज तरी घ्या, माझ्या निबेच्या नावाने!"

कप काठोकाठ भरलेला होता. तिने डॉक्टरच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि सगळ्यांच्या देखत कप दोन्ही हातांनी उचलला. थोडी कॉफी कागदावर सांडली.