पोरींना कुठल्या गाडीत घालू

मेक्सिको लढाई हरल्यावर आमचं दोन्या आना गाव अमेरिकेत गेलं, तेव्हा मी लहान होते. त्या लढाईत माझा काका मारला गेला होता. ज्यांच्या गोळीने भाऊ गेला त्यांच्या झेंड्याखाली मका पेरणार नाही, असं बाबा म्हणाले. नदीच्या पश्चिमेला अजून मेक्सिकोच होतं. गावातली पुष्कळ घरं तिकडे निघाली, त्यांत आम्हीही निघालो. आमच्या मुलखात लाकूड मिळणं कठीण, म्हणून बाबांनी घराचे वासे उतरवून बैलगाडीवर चढवले आणि पाणी ओसरल्यावर नदी पार केली. आई मागच्या गाडीत कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. ती रडली नाही. नवं घर मांडायचं म्हणून उलट खुशीत होती.

नव्या गावाचं नाव मेसिया. तिथे होती नुसती वाळू आणि काटेरी झुडपं. पुरुषांनी नदीपासून कालवा खणला. माझा थोरला भाऊ सिरिलो मिसरूडही न फुटलेला, पण तोही खणत होता; त्याच्या तळहातांची सालं निघाली. विटा आम्ही बायकांनी पाडल्या. मिरची चांगली आली, द्राक्षाच्या वेलींनी जीव धरला. मग पटकीची साथ आली आणि माझ्या दोन धाकट्या बहिणी, हसिंता आणि पिया, एकाच आठवड्यात गेल्या. त्यानंतर आई रोज संध्याकाळी त्यांच्या थडग्यांपाशी जायची. जाताना कुणाशी बोलायची नाही. परतताना मात्र शेजारणींच्या दारात थांबायची.

आणि एक दिवस मीठवाल्या गाडीवानांनी बातमी आणली, की राजधानीतल्या आपल्या सरकारने ही सगळी जमीन अमेरिकेला विकली. त्यांना पश्चिमेच्या समुद्रापर्यंत आगगाडी न्यायची होती, आणि डोंगर चुकवणारी सपाट वाट आमच्या बाजूने जात होती. कुणाचा विश्वास बसेना. पण त्या नोव्हेंबरात शिपाई आले, चौकातला आपला झेंडा उतरला आणि त्यांचा चढला. ज्याला मेक्सिकोत राहायचं असेल त्याने आणखी दक्षिणेला जावं, असं सांगण्यात आलं.

शेजारचे म्हातारे पोर्फिरियो बाबांना म्हणाले, "काय क्रेसेन्सियो, पुन्हा गाडी जुंपतोस की काय? एकदा बैलांना तरी विचार, त्यांचा देश कुठला ते."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छपरावर चढले आणि माती खरवडू लागले. स्वयंपाकघराचा पहिला वासा निघाला तेव्हा आई खाली मका वाटत होती. माती तिच्या केसांवर पडली. ती बाहेर आली नाही.

"सामान बांध, एलोइसा," बाबा वरून म्हणाले.

"बांधते. पोरींना कुठल्या गाडीत घालू?"

बाबांनी दुसऱ्या वाशाला घातलेला हात काढून घेतला. सिरिलो अंगणातून म्हणाला, "बाबा, हा कालवा मी खणलाय. मी नाही येणार. उद्या ते आणखी खाली आले तर कुठे जाल?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. जमीन विकली असेल त्यांनी. मला कुणी विकलेलं नाही."

पण तो वासा त्यांनी परत बसवला. दिवसभर छपराला माती लिंपली, पाणी गळू नये म्हणून. पहाटे एकटेच निघाले. आईने त्यांच्यासाठी मक्याच्या पातळ तोर्तिया आणि घेवडा फडक्यात बांधून दिला, पण दारापर्यंत आली नाही.

बाबा खाली, अजून मेक्सिकोत असलेल्या हानोस गावाच्या बाजूला दुसऱ्याच्या शेतावर राबू लागले. गाडीवानांबरोबर कधी वाळवलेली मिरची पाठवायचे, आई सदरा शिवून पाठवायची. या, असा निरोप तिने कधी धाडला नाही. ये, असा त्यांचाही आला नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली. ती आगगाडी मात्र अजून आली नव्हती.

मग आईच्या पोटात गाठ झाली. तिने अंथरूण धरलं, तसा सिरिलो खाली जाऊन बाबांना घेऊन आला. ते फार वाळले होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"जेवलात?"

"हो."

"खोटं बोलताय. निएवेस, यांना वाढ."

मी वाढलं. बाबा तिच्या उशाशी बसून जेवले. मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं, तू येशील."

"मलाही वाटायचं, तुम्ही याल," आई म्हणाली.

आई त्याच आठवड्यात गेली. पोरींच्या शेजारची जागा बाबांनी स्वतः खणली, सिरिलोला फावडं धरू दिलं नाही.

ते पुन्हा खाली निघाले, तेव्हा आम्ही दोघा भावंडांनी त्यांना थांबवायचा खूप प्रयत्न केला. मी तर त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "पोरी, आता राहिलो तर तेव्हाच राहता आलं असतं, असं होईल. मग तिला काय तोंड दाखवू?"

शेतांच्या कडेपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस काढून आशीर्वाद दिला आणि चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही.

पुढे ते वारल्याचं आम्हाला कापणी संपल्यावर कळलं, तेही एका अनोळखी गाडीवानाकडून. सिरिलो एकटाच जाऊन आला. तिथल्या लोकांनी त्यांना नीट पुरलं होतं, असं त्याने सांगितलं. मी अजून तिकडे गेलेले नाही.